विक्रांतवरच्या काकांची स्मरणपुस्तिका: कुठून सुरुवात करावी?

किनाऱ्यावरची (प्रश्न)

नमस्कार. माझे धाकटे काका गेल्या श्रावणात वयाच्या ८७ व्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला घरच्यांनी तीसचाळीस पानांची एक पुस्तिका काढायचे ठरवले आहे आणि ‘तू कुठेकुठे लिहितेस ना’ एवढ्या पात्रतेवर ते काम माझ्याकडे आले आहे. महिनाभर कागद पुढे घेऊन बसते आहे, पण पहिल्या पानापुढे सरकलेले नाही, म्हणून इथे विचारते.

काका मालवण तालुक्यातले. १९५६ साली नौदलात स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा नाविक, म्हणून भरती झाले, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकले आणि १९६१ साली विक्रांत ही विमानवाहू बोट आणण्यासाठी बेलफास्टला गेलेल्या नाविकांमध्ये होते. १९७१ च्या युद्धातही ते विक्रांतवरच होते. १९७६ साली निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून आणखी तेरा वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात काम केले आणि मग गावी परतले ते कायमचेच.

त्यांना माणूस लागायचा. एसटीत वीस मिनिटे शेजारी बसलेल्या प्रवाशाच्या मुलीचे लग्न कुठे अडले आहे हे त्यांना उतरायच्या आधी कळलेले असे. एकदा ते बाजारात सुरमई आणायला गेले, मासेवालीशी तासभर गप्पा मारून तिला दुपारच्या जेवणाचे आमंत्रण देऊन आले आणि सुरमई मात्र आणायची विसरले, हा प्रसंग आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात सांगितला जातो. विक्रांतचे मुंबईत संग्रहालय झाले तेव्हा त्यांनी निदान सहा वेळा गावातली पाचदहा माणसे कोकण रेल्वेने नेऊन ती बोट दाखवून आणली. बाकीचे लोक डेकवरची विमाने बघत तेव्हा काका सगळ्यांना थांबवून पायाखाली बोट दाखवायचे आणि म्हणायचे, “मी इथे होतो. खाली.”

अडचणी तीन आहेत. पहिली अशी, की ते गेल्यावर एका स्थानिक वार्तापत्रात आलेल्या श्रद्धांजलीत ‘कराचीवर हल्ला चढवणाऱ्या विक्रांतवरील शूर योद्धा’ असे छापून आले. चुलतभावाला तेच वाक्य पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हवे आहे आणि मला ते पटत नाही, पण खात्रीने खोडताही येत नाही. दुसरी, काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत चार पदके, दोन जुन्या पुस्तिका, बेलफास्ट, रॉटरडॅम, मोम्बासा, कोबे इथली चित्रकार्डे आणि घडी न मोडलेला एक पांढरा लिननचा टेबलक्लॉथ निघाला, त्यातून काय वाचायचे हे मला कळत नाही. तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण काकीची. ती ८१ वर्षांची आहे, १९६४ साली लग्न होऊन या घरात आली, आणि काकांबद्दल काही विचारले की “माका काय म्हायत? ते बोटीर होते,” एवढे म्हणून उठून जाते.

जुना नाविक

तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगायला हवा होता, ते आता राहिले. मी त्यांच्यानंतर बारा वर्षांनी भरती झालो आणि विक्रांतवर कधी नव्हतो, त्यामुळे पुढे लिहितो आहे ते त्या काळातल्या नौदलात सर्वांना माहीत असलेले समजावे.

मुखपृष्ठावरचे वाक्य काढून टाका. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी; त्यांच्या सोबतीला किल्तान आणि कच्छल या युद्धनौका होत्या. आपण नौदल दिन ४ डिसेंबरला पाळतो तो त्याच कामगिरीमुळे. विक्रांत त्या वेळी देशाच्या दुसऱ्या बाजूला, बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरच्या सीहॉक विमानांनी त्याच दिवशी कॉक्स बझार आणि चितगाव इथे हल्ले केले आणि पुढचे काही दिवस सीहॉक आणि अलीझे विमाने पूर्व पाकिस्तानची बंदरे आणि समुद्रमार्ग बंद पाडण्याच्या कामात होती. विक्रांतला बुडवण्यासाठीच निघालेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. विक्रांत तिथेच आहे असा भास निर्माण करण्यासाठी आयएनएस राजपूतला पुढे केले होते. खरी विक्रांत तेव्हा अंदमानच्या बाजूला होती. हे सगळे खरे असताना कराची उसनी कशाला आणायची?

ट्रंकेतली पदके भिंगाखाली धरून पाहा. प्रत्येकाच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला नाविकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. त्यात ‘पूर्वी स्टार’ असेल तर ते पूर्व आघाडीवर होते याचा तोच पुरावा, आणि चुलतभावाला दाखवायला तो पुरेसा आहे. ‘संग्राम पदक’ १९७१ चेच, ‘रक्षा पदक’ १९६५ चे. सेवेचा नेमका तपशील, म्हणजे कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत, हे नाविकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असते. ते कार्यालय मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पला आहे. अर्ज काकींच्या सहीने करावा आणि सोबत काकांचा सेवाक्रमांक द्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली माणसे अर्ज लिहायला मदत करतात.

आता ‘खाली’ या शब्दाबद्दल, कारण माझ्या मते तुमची पुस्तिका त्याच शब्दात आहे. विक्रांत वाफेवर चालणारी बोट होती. चार बॉयलर, त्यांच्या वाफेवर फिरणारी टर्बाइन्स, आणि डेकवरून विमान फेकणारे कॅटापल्ट हेही वाफेचेच. १९७१ च्या आधी तिच्या एका बॉयलरला तडा गेला होता आणि युद्धात ती उरलेल्या तीन बॉयलरवर उतरली. विमानवाहू जहाजाला वेग हवा असतो तो शत्रूपासून पळण्यासाठी नव्हे, तर डेकवर समोरून वारा मिळावा म्हणून, कारण त्या वाऱ्यावर विमान उठते. एक बॉयलर गेला की वेग कमी, वेग कमी की वारा कमी, आणि वारा कमी की वैमानिकाच्या जिवाशी गाठ. त्या डिसेंबरमध्ये विमाने उडत राहिली याचा अर्थ खाली बॉयलर रूममध्ये कोणीतरी चारचार तासांच्या पाळ्या करत वाफेचा काटा खाली येऊ देत नव्हते. वरच्या माणसांना आकाश दिसत होते. खालच्यांना दिवस आहे की रात्र हेही घड्याळावरून समजायचे. आम्ही इंजिन रूममधून वर येऊन शर्ट पिळला की पाणी निथळायचे. तुमचे काका पायाखाली बोट का दाखवत होते हे मला तुम्ही लिहिल्याबरोबर कळले.

घाटमाथा

मी सातारा जिल्ह्यातली. माझे यजमान पायदळात होते आणि त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली, त्यामुळे काकींच्या “माका काय म्हायत”बद्दल दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजते.

आम्हाला लोक विचारतात तेव्हा ते त्यांच्याबद्दल विचारतात. सीमेवर काय झाले, गोळी कुठे लागली, साहेब काय म्हणाले. ते आम्हाला खरेच माहीत नसते, कारण ही माणसे सुट्टीवर आल्यावर त्यातले काही सांगत नसत. सांगत ते मेसमधल्या स्वयंपाक्याचे किस्से. माझ्या यजमानांनी मला अठ्ठावीस वर्षांत लढाईविषयी मिळून दहा वाक्ये सांगितली असतील. मग बाई म्हणते की मला काही माहीत नाही, आणि लोक समजतात की हिला बोलायचे नाही.

काकींना काकांबद्दल विचारू नका. त्यांना विचारा की मनीऑर्डर कोणत्या तारखेला यायची, पोस्टमन कोण होता, पत्र यायला किती दिवस लागायचे, ते दोन महिन्यांच्या रजेवर आले की पहिल्या आठवड्यात घरात काय बदलायचे आणि शेवटच्या आठवड्यात काय. आमच्याकडे रजेचे शेवटचे चार दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. ज्या नवऱ्याला सगळा गाव ओळखतो, जो दिसेल त्याला घरी जेवायला घेऊन येतो, त्याच्या बायकोच्या वाट्याला तो नेमका किती यायचा, हाही प्रश्न विचारून पाहा. मात्र तो सरळ तोंडावर विचारू नका. तो टेबलक्लॉथ त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. माझ्या मुलीने माझ्या हातात यजमानांचा विणलेला मफलर दिला तेव्हा मी दोन दिवस बोलत होते.

प्रूफवाचक

गेली वीस वर्षे मी गौरवग्रंथ आणि स्मरणिका तपासण्याचे काम करतो आहे, त्यामुळे माझे मत जरा कडवट वाटले तर क्षमा असावी.

‘जुना नाविक’ यांनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण ती सगळीच्या सगळी पुस्तिकेत घालू नका. अशा पुस्तिकांचा नेहमीचा रोग असा की बेलफास्टला ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत विक्रांत नौदलात दाखल झाली, १८ मे रोजी तिच्यावर पहिले विमान उतरले, ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली आणि पंडित नेहरूंनी तिचे स्वागत केले, असे दीड पान होते आणि त्यात ज्याच्यासाठी पुस्तिका काढली तो माणूस कुठेच नसतो. विक्रांतवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्या तारखेला काका कुठे उभे होते हे तुम्हाला सांगता येते तीच तारीख ठेवा. ३ नोव्हेंबरला धक्क्यावर बँड वाजत असताना ते वर रांगेत होते की खाली पाळीवर, हे कळले तर ती तारीख तुमची.

ट्रंकेतल्या दोन पुस्तिकांपैकी एक व्यापारी जहाजावरच्या खलाशाची सीडीसी, म्हणजे सेवानोंदीची पुस्तिका, असण्याची दाट शक्यता आहे. तिच्यात दर सफरीची नोंद असते: जहाजाचे नाव, कोणत्या बंदरात चढले, कोणत्या बंदरात उतरले, तारखा आणि शिक्के. चित्रकार्डांच्या तारखा आणि या नोंदी शेजारी ठेवल्या की तेरा वर्षांचा नकाशा आपोआप तयार होतो. फार फिरलेल्या माणसाविषयी ‘त्यांनी जग पाहिले’ असे लिहिण्याची चाल आहे. वास्तविक खलाशी जग पाहतो म्हणजे बंदराच्या फाटकापासून चालत अर्ध्या तासाच्या अंतरातले बघतो, आणि तेही माल उतरेपर्यंत. त्या अर्ध्या तासात तुमच्या काकांनी कोणाशी मैत्री केली, कार्डांच्या मागे कोणाची नावे आहेत, ते पाहा.

आणखी एक. ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’, ‘मनमिळाऊ स्वभाव’, ‘अजातशत्रू’, ‘त्यांच्या जाण्याने पोकळी’ हे शब्द पहिल्या मसुद्यात येतील तेव्हा येऊ द्या आणि दुसऱ्यात एकेक काढा. सुरमईचा प्रसंग असताना ‘मनमिळाऊ’ कशाला लागतो?

जुना नाविक

प्रूफवाचकांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, एक गोष्ट सोडून. बोटीचे शेवटचे दिवस गाळू नका. १९९७ च्या जानेवारीत विक्रांत सेवेतून निवृत्त झाली, २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ च्या नोव्हेंबरपासून मुंबईतल्या दारूखाना या जहाजे तोडण्याच्या जागी तिचे तुकडे करायला सुरुवात झाली. आमच्यातले काही जण तिथे जाऊन आले. मी गेलो नाही. गॅसच्या ज्योतीने पत्रा कापताना येणारा वास मला गोदीतल्या दिवसांपासून ठाऊक आहे आणि तो एका विशिष्ट बोटीचा म्हणून मला घ्यायचा नव्हता. तुमचे काका त्या वर्षी काय करत होते हे काकींना विचारा. माणसाने आपल्या बोटीविषयी आयुष्यभर बढाया मारल्या असतील, पण ती तुटताना तो काय करतो ते वेगळे असते.

घाटमाथा

खरे आहे. पण तेही ‘त्यांना काय वाटले’ असे विचारू नका. त्या दिवशी जेवले का, एवढेच विचारा.

किनाऱ्यावरची

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मी गावी जाऊन राहिले.

पदके पाहिली. एक पूर्वी स्टार आहे, त्यावर काकांचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो. चुलतभावाने भिंगातून दोनदा बघितले आणि कराची सोडली. मानखुर्दला काकीच्या सहीने अर्ज गेला आहे. दुसरी पुस्तिका सीडीसीच निघाली. कार्डांच्या मागे नावे आहेत आणि ती बहुतेक बंदरांतल्या माणसांची आहेत. मोम्बासाच्या कार्डावर तर काकांच्या अक्षरात फक्त एवढेच आहे, की ‘हा दुकानदार गुजराती, त्याच्या आईला संधिवात, आपल्याकडचे तेल पाठवायचे.’ काकीने सांगितले की तेल पाठवले होते. दोनदा.

टेबलक्लॉथ तिच्या हातात दिला आणि मी गप्प बसले. बराच वेळ ती कडेची शिवण बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, “मी येवच्या आधी माजी वस्तू ह्या घरात इलेली.” काकांनी तो बेलफास्टला घेतला तेव्हा त्यांचे लग्न ठरलेले तर नव्हतेच, मुलगीही बघितलेली नव्हती, होणाऱ्या बायकोसाठी म्हणून तेविशी-चोविशीतल्या मुलाने पगारातून घेतला आणि तीन वर्षे आईच्या ताब्यात ठेवला. आमच्या घरात टेबलच नव्हते. काकीने तो लग्नानंतरच्या पहिल्या सत्यनारायणाला चौरंगावर घातला, त्यावर तुपाचा एक थेंब पडला, तो तिने रिठ्याच्या पाण्याने धुऊन काढला आणि त्यानंतर तो कधी वापरला नाही. घडी मोडलेली नाही असे मी वर लिहिले होते ते चुकीचे. एकदा मोडलेली आहे, आणि उजेडात धरले की डाग अजून दिसतो.

त्यानंतर ती बोलत राहिली. १९६५ साली पाकिस्तानने विक्रांत बुडवल्याची बातमी पसरवली ती कोणीतरी रेडिओवर ऐकून गावात आणली. बोट त्या वेळी मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती, पण हे काकीला कोण सांगणार? लग्नाला दीड वर्ष झालेले. ती पाच दिवस पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसली. सहाव्या दिवशी आंतर्देशीय पत्र आले, त्यात युद्धाचा उल्लेख नव्हता, मुंबईत पापलेट किती महाग झाले आहे याची तक्रार होती आणि शेवटी एक ओळ: ‘तुमच्या गावात बुडालेली आमची बोट इथे उभी राहून रंग लावून घेते आहे.’ काकी म्हणाली की त्या पत्रावर ती इतकी चिडली की आठ दिवस उत्तर लिहिले नाही.

१९७१ च्या हिवाळ्यात पत्रे थांबली. ती दर आठवड्याला लिहीत राहिली, पत्ता तोच, द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जानेवारीत एकाच दिवशी काकांची अकरा पत्रे आली. तिने ती आधी तारखेप्रमाणे लावली आणि शेवटचे पहिल्यांदा उघडले. बाकीची दहा तिने सावकाश, रोज एक अशी वाचली. त्यातही बॉयलरचा शब्द नाही. ‘इथे उकडते’ एवढे दोन ठिकाणी आहे. जुना नाविक यांचे उत्तर मी तिला वाचून दाखवले तेव्हा “उकडते” याचा अर्थ काय होता हे तिला त्रेपन्न वर्षांनी कळले, आणि ती माझ्यावरच रागावली, की हे लोकांना विचारून आता कशाला सांगतेस.

२०१४ बद्दल घाटमाथा यांनी सांगितले तसेच विचारले. जेवले. रोजच्यासारखे जेवले, पण त्या दुपारी कोणाला जेवायला आणले नाही, आणि आठवडाभर आणले नाही. काकी रोजच्या सवयीने दोन माणसांचा भात जास्त लावत होती, तो संध्याकाळी गुरांना घालावा लागला.

पुस्तिका आता साधारण अशी झाली आहे: एका पानावर काकांचे पत्र किंवा कार्ड, समोरच्या पानावर त्याच महिन्यात घरी काय चालले होते ते काकीच्या शब्दांत, मालवणीत, जसेच्या तसे. विक्रांतचा इतिहास मिळून दीड पान आहे आणि तो बॉयलर रूमच्या दारापासून सुरू होतो. प्रूफवाचकांच्या यादीतला ‘मनमिळाऊ’ माझ्या पहिल्या मसुद्यात चार वेळा आला होता, तो गेला.

सुरमईचा प्रसंगही बदलावा लागला. मसुदा वाचून दाखवला तेव्हा काकीने तिथे मला थांबवले आणि म्हणाली, की काका मासे विसरून आले आणि मासेवालीला आमंत्रण देऊन आले इथपर्यंत सगळे बरोबर आहे, पण ती दुपारी खरोखर जेवायला आली, तेव्हा काका आंघोळीला गेले होते, घरात भाजीही नव्हती, आणि पुढे काय झाले ते इतक्या लग्नांत कोणी कधी विचारले नाही. तिने त्या बाईला ओसरीवर पाट दिला, कुळथाची पिठी केली, आणि तिच्याच पाटीतली उरलेली सुरमई विकत घेऊन तिलाच तळून वाढली. किती पैसे दिले तेही तिला आठवते. ते पुस्तिकेत घालू नकोस म्हणाली, कारण भाव जास्त लावला होता.